दोर होडीला का बांधला नाही? म्हाताऱ्याची चिकाटी, प्रतीकं आणि कोरडे बोअर

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावातून एम. ए. इंग्रजी करताय. अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ अभ्यासाला आहे आणि ‘कादंबरीतली चिकाटी आणि प्रतीकं’ हा प्रश्न ठरलेला आहे. गाइडमधला तक्ता तुमचा पाठ झालाय: समुद्र म्हणजे जीवन, मासा म्हणजे ध्येय, शार्क म्हणजे संकटं, म्हातारा म्हणजे हार न मानणारा माणूस. पण तो पटत नाही, कारण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘आमच्या गावात एकाने एकामागून एक बोअर घेतले, सगळे कोरडे गेले, शेवटी रान विकलं. त्याला गाव येडं म्हणतं. मग हाडं घेऊन घरी आलेल्या म्हाताऱ्याला थोर का म्हणायचं?’

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकवण्यात माझी उमर गेली. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही अशा मुलामुलींना ही कादंबरी मी शिकवत आलो, आणि माझ्या मते तुमचा दुसरा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. तो सुटला की प्रतीकांचं कोडं आपोआप सुटतं. तक्त्यापासून सुरुवात केली तर दोन्ही अडकतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. कशासाठी वाचताय यावर उत्तर बरंच अवलंबून आहे. नेट-सेटच्या (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या) बहुपर्यायी प्रश्नांना नावं आणि सालं पुरतात: ‘लाइफ’ मासिकाच्या सप्टेंबर १९५२ च्या अंकात ही कादंबरी पूर्ण छापली गेली, त्याच महिन्यात पुस्तक निघालं, १९५३ ला पुलित्झर पुरस्कार आणि १९५४ ला हेमिंग्वेला नोबेल. विद्यापीठाच्या पेपरात तपासणाऱ्यावर अवलंबून असतं. काहींना तक्ताच हवा असतो, त्यांच्यासाठी तो चार ओळींत लिहून मोकळे व्हा. खाली लिहितोय ते ज्याला पुस्तक कळून घ्यायचंय त्याच्यासाठी.

कथा दोन ओळींची आहे. हवानाजवळच्या किनाऱ्यावरचा सांतियागो हा म्हातारा कोळी ८४ दिवस रिकाम्या हाताने परततोय. पहिले ४० दिवस मानोलिन नावाचा पोरगा त्याच्यासोबत होता, मग आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडलं. ८५ व्या दिवशी म्हातारा एकटाच नेहमीपेक्षा खूप आत जातो, भलामोठा मार्लिन मासा गळाला लागतो, दोन रात्री तो होडी ओढत नेतो, तिसऱ्या दिवशी म्हातारा त्याला मारतो, आणि परतीच्या वाटेवर शार्क सगळं मांस खाऊन टाकतात. गावात पोचतं ते डोकं, कणा आणि शेपूट.

आता चिकाटीचं. जवळपास प्रत्येक उत्तरपत्रिकेत ‘८४ दिवस मासा मिळाला नाही तरी तो जातच राहिला’ हे वाक्य सापडतं. पुस्तकात मात्र हे ८४ दिवस पहिल्याच वाक्यात उरकलेत. वर पोरगा त्याला आठवण करून देतो की पूर्वी एकदा ८७ दिवस असेच कोरडे गेले होते आणि मग तीन आठवडे रोज मोठे मासे मिळाले. म्हणजे नुसतं जात राहणं या गावाला नवं नाही, सगळेच कोळी जातात. लेखकाची नजर म्हातारा पाण्यावर गेल्यावर काय करतो याकडे आहे.

८५ व्या दिवसाची सकाळ पुन्हा वाचा. म्हातारा चार दोर सोडतो. पहिल्याचं आमिष ४० वाव खोल, दुसऱ्याचं ७५, तिसऱ्याचं १०० आणि चौथ्याचं १२५ वाव. वाव म्हणजे आपल्याकडे विहिरीचा सोल मोजताना दोन्ही हात पसरून धरतात ते माप, साधारण ६ फूट. बाकीचे कोळी दोर प्रवाहाबरोबर वाहू देतात. त्यांना १०० वाव वाटतं तेव्हा आमिष ६० वर असतं. हा मात्र हलकेच वल्ही मारत दोर सरळ उभे ठेवतो, म्हणजे अंधाऱ्या पाण्यात ज्या खोलीवर मासा येईल त्याच खोलीवर आमिष असेल. आणि मनाशी म्हणतो, नशीब असलं तर चांगलंच, पण मी आधी नेमका असेन. मग नशीब येईल तेव्हा मी तयार असेन. ८४ दिवस काही न मिळालेला माणूस ८५ व्या दिवशीही माप चुकवत नाही. माझ्या मते या पुस्तकातली चिकाटी इथे, मासा लागण्याच्या कितीतरी आधी आहे, आणि विद्यार्थी नेमकं हेच पान भराभरा उलटतात.

मासा लागल्यावरची गोष्ट याहून महत्त्वाची. दोर होडीला घट्ट बांधून टाकावा असं म्हाताऱ्याच्या मनात येतं. बांधला तर हात सुटतील, पाठ सुटेल. पण बांधलेला दोर माशाच्या एका हिसक्यात तुटेल हे त्याला माहीत आहे. म्हणून तो दोर स्वतःच्या पाठीवरून घेतो, खाली गोणपाट ठेवतो, आणि मासा जेव्हा मागेल तेव्हा ढील देतो. दोन दिवस चाललेली ही झुंज बरीचशी ढील देण्याची आहे. किती ओढायचं, कधी सोडायचं, तळहात कापला तरी कुठल्या हाताने धरायचं. वर्गात मी इथे थांबतो आणि विचारतो, ‘याने दोर बांधला असता तर पुस्तक किती पानांत संपलं असतं?’ मुलं हसतात, पण त्यांच्या लक्षात येतं. हट्टी माणसाने बांधला असता.

याच ओघात त्याचं खाणं बघा. डावा हात आकडतो, पंजा मिटतो तो उघडत नाही. म्हातारा हाताला नावं ठेवतो, मग टूना माशाचे निगुतीने तुकडे कापतो आणि कच्चेच चावून खातो, मीठ नाही, लिंबू नाही. तरी खातो, कारण या खाण्यातून हाताला ताकद मिळेल. दुसऱ्या रात्री दोर अंगाखाली घेऊन थोडी झोपही काढतो, कारण झोपेविना डोकं चालणार नाही. शरीराला अवजारासारखं जपणारा असा माणूस झुंजीच्या गोष्टींत क्वचित भेटतो. ‘तहानभूक विसरून लढला’ असं उत्तरात लिहू नका. पुस्तकात बरोबर उलटं आहे.

शार्क येतात तो भाग मी मुलांना वहीत उतरवायला लावतो: कुठल्या शार्कला कशाने मारलं आणि काय गमावलं. पहिला माको जातीचा शार्क, तो मेला पण भाला आणि दोर घेऊन बुडाला. मग वल्ह्याला बांधलेली सुरी; ती पुढे एका शार्कच्या डोक्यात मोडली. मग तुटक्या वल्ह्याचा सोटा. अंधारात तोही हिसकला गेला. शेवटी सुकाणूचा दांडा. तोही फुटला, तर फुटक्या टोकाने खुपसलं. प्रत्येक वेळी हत्यार आधीपेक्षा हलकं, आणि मासा आधीपेक्षा कमी. मधेच तो स्वतःला बजावतो की जे आणलं नाही त्याचा विचार करायची ही वेळ नव्हे, जे हाताशी आहे त्यात काय होईल ते बघ. ही यादी वहीत उतरली की चिकाटीवर वेगळं काही लिहावं लागत नाही.

एक संदर्भ सांगतो, उत्तरात कुणी फारसा वापरत नाही. एप्रिल १९३६ च्या ‘एस्क्वायर’ मासिकात हेमिंग्वेने क्यूबाजवळच्या मासेमारीवर लेख लिहिला होता. त्यात एका म्हाताऱ्या कोळ्याची हकिगत आहे. त्यालाही मार्लिनने खोल समुद्रात ओढत नेलं, दोन दिवसांनी इतर कोळ्यांना तो ६० मैल पूर्वेला सापडला, शार्कनी खाऊन उरलेला अर्ध्याहून कमी मासा ८०० पौंडांचा भरला. आणि तो म्हातारा होडीत रडत होता, दुःखाने अर्धवट वेडा झालेला, शार्क अजून होडीभोवती फिरत होते. कादंबरी लिहिताना हेमिंग्वेने काय बदललं ते बघा. सांतियागोला कुणी सोडवायला येत नाही. तो दिव्यांचा उजेड बघून स्वतः होडी किनाऱ्याला लावतो, शीड गुंडाळतो, डोलकाठी खांद्यावर घेतो. नुकसान तेवढंच ठेवलं, किंबहुना वाढवलं. फक्त सुकाणू माणसाच्या हातात ठेवलं, ते मोडल्यावरसुद्धा.

आता प्रतीकं. सप्टेंबर १९५२ मध्ये कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना लिहिलेल्या पत्रात हेमिंग्वेने स्पष्ट म्हटलंय की यात प्रतीकवाद वगैरे काही नाही; समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, शार्क म्हणजे शार्क. आणि पुढे तोच एका ठिकाणी म्हणतो की मी खरा म्हातारा, खरा पोरगा, खरा समुद्र, खरा मासा आणि खरे शार्क करायचा प्रयत्न केला. ते पुरेसे खरे उतरले तर त्यांतून पुष्कळ अर्थ निघतील. मुलांना यात विसंगती वाटते. मला वाटत नाही. अर्थ आधी ठरवून वस्तूला चिकटवायचा नाही, वस्तू इतकी खरी करायची की अर्थ तिच्यातून उगवावा, एवढंच तो सांगतोय. तक्ता चुकतो तो यामुळेच. ‘मासा म्हणजे ध्येय’ म्हटलं की त्या माशाची १८ फूट लांबी, होडीपेक्षा दोन फूट जास्त, तिचं काही कामच उरत नाही. खरं तर मासा होडीत मावत नाही म्हणून तो बाहेर बांधावा लागतो, बाहेर बांधला म्हणून शार्कच्या तोंडी लागतो. सगळी शोकांतिका त्या दोन फुटांत आहे.

तुम्हाला एकच प्रतीक सविस्तर लिहायचं असेल तर हात घ्या. सुरुवातीला म्हाताऱ्याच्या हातांवर दोरांचे जुने वण आहेत, एकही ताजा नाही. म्हणजे बरेच दिवस मोठा मासा लागलेला नाही हे हातच सांगतात. मग उजवा हात कापतो, डावा आकडतो. तरुणपणी एका माणसाशी दिवस-रात्र चाललेली पंजा लढवण्याची आठवण येते, तीही हाताचीच. शार्कची दुसरी खेप दिसते तेव्हा त्याच्या तोंडून एक आवाज निघतो, आणि लेखक म्हणतो की तळव्यातून लाकडात खिळा जाताना माणूस असा आवाज करत असेल. पुढे तो डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो, पडतो, झोपडीपर्यंत पाच वेळा खाली बसतो, आणि हात पसरून, तळवे वर करून पालथा झोपतो. ख्रिस्ताचा क्रूस ज्या वाचकाला लहानपणापासून माहीत आहे त्याला हे सांगावं लागत नाही, आपल्याकडच्या मुलांना सांगावं लागतं. पण ‘सांतियागो म्हणजे ख्रिस्त’ असं लिहून थांबू नका. ते तळवे आधी दोराने कापलेले आहेत, मग त्यांवर खिळ्याची सावली पडते. सकाळी पोरगा येतो तो हे हात बघूनच रडायला लागतो.

सिंहांबद्दल प्रत्येक जण विचारतो. म्हाताऱ्याच्या स्वप्नात आता वादळं येत नाहीत, बायको येत नाही, मोठे मासे येत नाहीत. फक्त आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मांजरांसारखे खेळणारे सिंह येतात. ‘सिंह म्हणजे शक्ती’ असं गाइड सांगतं. त्यापेक्षा म्हातारा पोराला काय सांगतो ते शोधा: तुझ्या वयाचा असताना मी आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर होतो आणि संध्याकाळी किनाऱ्यावर सिंह पाहिले. तुझ्या वयाचा असताना! सिंहांचा धागा पोराशी बांधलाय. याहून जास्त मी त्यातून ओढून काढत नाही, आणि विद्यार्थ्यांनाही काढू देत नाही. शार्क म्हणजे काय, यावर मात्र वर्गात मोकळं सोडतो. कुणी सावकार म्हणतं, कुणी काढणीला आलेल्या गव्हावरची गारपीट, एकीने ‘बाजार समितीतली आडत’ म्हटलं होतं. यादी वहीत झाल्यावर यातलं काहीही चालतं. यादीच्या आधी काहीच चालत नाही.

तर आता तुमच्या गावातला शेतकरी. त्याला मी येडा म्हणणार नाही. आपल्या भागात खाली काळा पाषाण आहे, पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात. शेजारच्या बांधावर दोन इंची पाणी लागतं आणि आपल्या रानात नुसता फुफाटा उडतो. पाणाड्या नारळ फिरवून जागा दाखवतो, बोअरची गाडी येते, फुटांवर पैसे लागतात, केसिंगचे (आत घालायच्या पाइपचे) वेगळे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात उभं पीक वाळताना बघणाऱ्याला ‘थांब’ म्हणणं सोपं नसतं. त्याच्याजवळ चिकाटी कमी नव्हती, आणि चिकाटीची व्याख्यानं त्याला कुणी देऊही नयेत.

पण म्हातारा आणि तो यांच्यात फरक आहे, आणि तो पुस्तकानेच दाखवलाय. पहिला फरक उसनवारीचा. ८५ आकड्याचं लॉटरीचं तिकीट घ्यावं असा विषय निघतो, अडीच डॉलर सहज उसने मिळतील असं पोरगा म्हणतो. म्हातारा म्हणतो, मलाही मिळतील, पण मी उसनं घ्यायचं टाळतो. आधी माणूस उसनं घेतो, मग भीक मागतो. हे छोटं संभाषण कुठल्याच गाइडमध्ये मी पाहिलेलं नाही. म्हाताऱ्याने पणाला लावलं ते स्वतःचं शरीर आणि स्वतःचे दोर. त्याची बायको वारलीय, मागे खाणारं तोंड नाही. तुमच्या गावातल्या माणसाने प्रत्येक बोअरला घर पणाला लावलं, बहुधा दुसऱ्याच्या पैशावर. म्हाताऱ्याचा न्याय त्याला लावता येत नाही आणि त्याचा म्हाताऱ्याला.

दुसरा फरक ढिलीचा. बोअरची गाडी रानात उभी राहिली की ढील देता येत नाही. आणखी पन्नास फूट, आणखी पन्नास फूट एवढंच उरतं. दोर बांधून टाकलेला असतो. त्यात दोष त्या माणसाचा किती आणि ज्या परिस्थितीने त्याला तिथे आणून उभं केलं तिचा किती, हे गावाबाहेरून मी ठरवणार नाही.

तिसरी गोष्ट फरकाची नाही, साम्याची आहे, आणि तुमच्या शंकेचं बळ इथेच आहे. म्हातारासुद्धा निर्दोष नाही, आणि हे तो स्वतःच म्हणतो. शार्क मासा खात असताना तो माशाची माफी मागतो: मी फार लांब गेलो, तुझं आणि माझं दोघांचं वाटोळं केलं. मासा पोटासाठी मारला की गर्वापोटी, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि पुरतं उत्तर देऊ शकत नाही. माणसाला उद्ध्वस्त करता येतं पण हरवता येत नाही, या अर्थाचं त्याचं वाक्य भिंतीवर लावायला सगळ्यांना आवडतं. ते तो पहिल्या शार्कनंतर म्हणतो, अजून पुष्कळ शार्क यायचे असताना. माफी त्या वाक्याच्या नंतर येते. उत्तरात दोन्ही घ्या, आणि याच क्रमाने. म्हाताऱ्याला थोर म्हणायचं तर लांब जाण्याची किंमत त्याने कुणावर न ढकलता मोजली, म्हणून म्हणा.

शेवटची दोन पानं बहुतेक जण सिंहांकडे धावत वाचतात. तिथे पोरगा आणि म्हातारा पुढच्या खेपेचं बोलतात. चांगला भाला हवा, म्हातारा सांगतो. पातं जुन्या फोर्ड गाडीच्या पाट्यापासून करता येईल, हवानाजवळच्या ग्वानाबाकोआला नेऊन धार लावू. धार हवी, पण मोडेल इतकं पाणी द्यायचं (तापवून, विझवून कडक करायचं) नाही, माझी सुरी मोडली. आपल्याकडे लोहार ट्रकच्या पाट्याचं खुरपं करतो, त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. हातांची चाळण झालेला माणूस सकाळी उठून पोलादाचं पाणी किती असावं ते सांगतोय. पोरगा म्हणतो, मला अजून पुष्कळ शिकायचंय. तुमच्या पेपरातल्या ‘चिकाटी’ या शब्दाखाली मी हा उतारा सगळ्यात वर ठेवीन.

उत्तर लिहिताना मग असं करा. सुरुवात चार दोरांच्या मापांनी, मग न बांधलेला दोर, मग हत्यारांची यादी, मग हात, आणि बेरेन्सनच्या पत्राचा उल्लेख करून प्रतीकांबद्दलची तुमची भूमिका. वेळ उरला तर उसनवारीचं संभाषण. समीक्षकांची नावं यानंतर आली तरी चालतील. इंग्रजी जड जात असेल तर आधी पु. ल. देशपांडे यांचा ‘एका कोळियाने’ हा अनुवाद वाचा, पण परीक्षेपूर्वी मूळ पुस्तक एकदा तरी पूर्ण करा. वाक्यं लहान आहेत, दोन-तीन बैठकींत होतं. वाचताना पेन्सिल घेऊन फक्त दोर आणि हात जिथे येतात तिथे खूण करा. मग एखादी जागा अडली तर तिथलं वाक्य लिहून विचारा, मी त्यावर सविस्तर लिहीन.